कोजागिरीच्या आधी अष्टमी

बदलापूर,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय चिऊ,


तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले. शेवटचा लोकलमधून केलेला दिसतो, कारण निम्मा वेळ 'पुढील स्टेशन कांजुरमार्ग' हेच ऐकू येत होतं. तरी मुद्दा कळला. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तुमच्या नव्या टॉवरच्या गच्चीवर यंदा कोजागिरीला दुर्बीण लावायची, सोसायटीनं चावी द्यायचं कबूल केलंय, मसाला दूध आहेच, आणि आत्यानं यायचं. येणार ना! न बोलावता आले असते. पण तुझी ती पुढची यादी ऐकून मला धडकी भरली. फ्लेक्स, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, वीस मिनिटांचं प्रेझेंटेशन, प्रश्नमंजूषा, वर सहभागाची प्रमाणपत्रं. यावर मला जे म्हणायचंय ते फोनवर सांगितलं तर तू दुसऱ्या वाक्याला मला तोडशील, म्हणून हे पत्र.

आधी कोजागिरीचंच घेऊ. दुर्बिणीतून चंद्र बघायला महिन्यातली सगळ्यात वाईट रात्र पौर्णिमेची. त्या दिवशी सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर उजेड टाकतो, त्यामुळे तिथल्या कुठल्याच डोंगराची सावली आपल्याला दिसत नाही. सावली गेली की खड्डा, कडा, दरी सगळं गेलं. उरतो नुसता लख्ख पांढरा गोळा. डोळा लावला की डोळा दिपतो आणि बाजूला झाल्यावर समोरच्याचं तोंडही धड दिसत नाही. मुलं म्हणतात, 'दिसला', आणि दुधाकडे वळतात. त्यांचं काही चुकत नाही.

अष्टमीचा चंद्र मात्र दुर्बिणीसाठीच केलेला असतो. अर्धा उजेडात, अर्धा काळोखात, आणि दोहोंच्या सीमेवर तिथला सूर्य नुकता उगवत असतो. कोवळ्या उन्हात सावल्या लांबच लांब पडलेल्या. एपेनाइन नावाची एक पर्वतरांग आहे, तिची शिखरं उजळलेली आणि पायथे अजून अंधारात, असं चित्र त्या दोन-तीन दिवसांत दिसतं. बघणाऱ्याला काही समजावून सांगावं लागत नाही. तो आपणहून म्हणतो, 'अरे, हे तर डोंगर आहेत!'

आणि आश्विनातली अष्टमी म्हणजे नवरात्रातली. त्या दिवशी कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाइट, कुठंही जा, माणसं घराबाहेरच असतात. गरबा बघायला आलेल्या आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या, पोरं मैदानात उंडारत असलेली, आणि दक्षिणेच्या आकाशात अर्धा चंद्र कुणी वर न बघता तसाच लटकलेला. तुला माणसं गोळा करायची गरजच नाही, ती आधीच जमलेली आहेत. मैदानाच्या कडेला, स्पीकरपासून जरा लांब, दुर्बीण लाव. तीच दुर्बीण दसऱ्याच्या संध्याकाळी पुन्हा काढ. दशमीपर्यंत उजेडाची सीमा सरकून कोपर्निकस नावाच्या विवरापाशी आलेली असते. हे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे सरळ रेषेत साधारण विक्रोळी ते तळेगाव, आणि खोली कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. नुसता '९३ किलोमीटर' हा आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही. तळेगाव राहतं, कारण प्रत्येकाचं कुणी ना कुणी त्या वाटेवर असतं.

आईच्या, म्हणजे तुझ्या आजीच्या, स्वयंपाकघरात भिंतीला कालनिर्णय आणि फडताळात पंचांग असायचं. त्यातली तिथी म्हणजे दुसरंतिसरं काही नसून चंद्र सूर्यापासून आकाशात किती पुढे गेला त्याचं माप आहे. बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. म्हणून तिथी कळली की चंद्राचा किती भाग उजळलेला असेल, संध्याकाळी तो आकाशात कुठे असेल आणि आज दुर्बीण काढण्यात अर्थ आहे का, हे घरबसल्या कळतं. मी अजून कार्यक्रमाची तारीख ठरवताना आधी तिथी बघते, मग शनिवार-रविवार जुळतो का ते बघते.

आता जावईबापूंचा प्रश्न. विक्रोळीच्या आकाशात दिसणार काय, असं ते विचारत होते म्हणालीस. प्रश्न रास्त आहे. एका अंगाला एक्स्प्रेस हायवेचे दिवे, दुसऱ्या अंगाला खाडीपलीकडे ऐरोली-घणसोली. मधल्या कांदळवनामुळे पूर्वेला थोडी काळी पट्टी मिळते एवढंच. रस्त्यावरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आल्यापासून आणखी पंचाईत, कारण पांढऱ्या उजेडातला निळा भाग हवेत जास्त पसरतो. आकाशगंगा तिथून दिसणार नाही, हे कबूल. २०१६ साली प्रकाशप्रदूषणाचा एक जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना आपल्या राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आपण सगळे त्यातलेच. पण चंद्र, शनी, गुरू यांना हायवेच्या दिव्यांनी काडीचा फरक पडत नाही. ते इतके ठसठशीत आहेत की रिक्षा स्टँडवरूनही दिसतात. विक्रोळी स्टेशनाबाहेर आम्ही एकदा दुर्बीण लावली होती तेव्हा एक रिक्षावाले दादा मीटर पाडता पाडता थांबले. मागे बसलेल्या बाईंना म्हणाले, 'मॅडम, दोन मिनिटं,' आणि उतरून आले. बाई वैतागल्या, पण मग त्याही उतरल्या.

काळोखच हवा असेल तर मुंबईकर कर्जतच्या गाडीत बसतो. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम तू ऐकून आहेसच. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी पोरांनी जन्मात पहिल्यांदा आकाशगंगा पाहिली ती वांगणीत, सतरंजीवर पाठ टेकून. हे मंडळ १९८५-८६ च्या सुमारास हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्तानं उभं राहिलं आणि सायनच्या साधना विद्यालयात जमू लागलं. गंमत अशी की त्या खेपेचा हॅले म्हणजे फजितीच होती. ९ फेब्रुवारी १९८६ ला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ आला तेव्हा पृथ्वी नेमकी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला. दोन हजार वर्षांतलं त्याचं सगळ्यात फिकं दर्शन ते. वर्तमानपत्रांनी इतकी हवा केलेली, आणि लोकांना दिसला तर एक धूसर ठिपका. तरी त्या हिरमुसलेल्या लोकांतूनच काही जण टिकले, त्यांनी दुर्बिणी घेतल्या, मंडळं काढली. पुण्यात तर हे खूळ त्याच्याही आधीचं. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आधी तिथं हौशी मंडळी आकाश बघायला जमत होती. आणि त्याच्याही मागे जायचं तर शंकर बाळकृष्ण दीक्षित. मुरूडचे, शाळामास्तर, 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिणारे. त्यांनी सामान्य वाचकासाठी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. एवढा मोठा विद्वान, पण पुस्तकाला नाव देताना 'मौज' म्हणाला. तुझ्या प्रश्नमंजूषेवर माझा राग का, ते आता आलं का लक्षात?

मला स्वतःला वांगणी फार उशिरा दिसली. कॉलेजात असताना विचारलं तर बाबांनी 'रात्रभर? मुलीच्या जातीनं?' एवढ्यावर विषय संपवला. तुझा बाप, माझा धाकटा भाऊ, मात्र मित्रांबरोबर जाऊन आला आणि महिनाभर माझ्यासमोर मृगनक्षत्राबद्दल फुशारक्या मारत होता. नोकरी लागल्यावर मी गेले, आणि आता तर बदलापूरलाच राहते, वांगणी पुढच्या स्टेशनावर. तिथं जे दिसतं ते विक्रोळीत दिसत नाही, यात वाद नाही. पण जो वांगणीला पोचतो त्याची मला काळजी वाटत नाही. तो पोचलाच आहे. तुमच्या टॉवरच्या वॉचमनची ड्यूटी रात्रीची असते. तुझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना रात्रभर घर टाकून कुठं जाता येत नाही. गुडघे गेलेली आजी कर्जत लोकल पकडणार नाही. आणि 'मुलीच्या जातीनं' हे दोन शब्द अजून कितीतरी घरांत बोलले जातात. यांच्यासाठी आकाश त्यांच्या दारातच दाखवावं लागतं. म्हणून मी दर वेळी तुला म्हणते की गच्चीपेक्षा मैदान बरं. गच्चीवर सोसायटीतले येतात, मैदानात कुणीही येतो.

हा विचार मला सुचलेला नाही. अमेरिकेत जॉन डॉब्सन म्हणून एक गृहस्थ होऊन गेले, १९१५ ते २०१४ एवढं दीर्घ आयुष्य लाभलेले. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात संन्यासी होते, आपल्या रामकृष्ण परंपरेतले. मठात बसून दुर्बिणी करायचे. पैसे नाहीत, म्हणून जहाजाच्या भंगारातली जाड गोल काच घेऊन तिचाच आरसा घासला. नळी पुठ्ठ्याची, खालची बैठक लाकडाची, कुठं स्क्रू-गियर काही नाही. हातानं ढकलायची आणि सोडून द्यायची. दुर्बीण घेऊन वस्तीत फिरण्यापायी मठाच्या नेमात खंड पडू लागला आणि १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी फुटपाथवर दुर्बीण लावणाऱ्यांची संघटना काढली. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, शनी दाखवायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आज जगभरचे हौशी लोक ज्याला नुसतं 'डॉब' म्हणतात ती दुर्बीण त्यांचीच. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. माझी सहा इंचीही त्याच घराण्यातली.

आता कामाचं सांगते, कारण रांग सुरू झाली की तुला श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही.

तुमच्या पिंटूसाठी आणलेली दुर्बीण मी फोटोत बघितली. ७० मिलिमीटरची आहे, वाईट नाही. फक्त खोक्यावर जे '५२५ पट' लिहिलंय ते विसर. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे तुमची १४० च्या वर नेली तर सगळं मोठं आणि सगळं धूसर. सुरुवात नेहमी सगळ्यात कमी पटीच्या आयपीसनं, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगानं, करायची. दुर्बिणीच्या वर जो फाइंडर आहे तो रात्री जुळवत बसू नकोस. सकाळी गच्चीवरून पवईच्या एखाद्या टॉवरचं टोक दुर्बिणीत धर आणि फाइंडरच्या मध्यावर तेच टोक येईल असे त्याचे स्क्रू पीळ. सकाळीच कर, कारण दुपारनंतर सूर्य पवईच्या बाजूला जातो. आणि हे नीट ऐक. दिवसा दुर्बीण उघड्यावर ठेवून एक क्षणही तिथून हलायचं नाही. कुणा पोरानं कुतूहलानं ती सूर्याकडे वळवली तर डोळा कायमचा जाईल. पापणी मिटायलाही वेळ मिळत नाही.

रांगेत दर वेळी घडतं ते सांगते. निम्मी माणसं पहिल्यांदा दुर्बिणीच्या चुकीच्या टोकाला डोळा लावतात. माझ्या डॉबमध्ये आयपीस वरच्या बाजूला, नळीच्या अंगावर असतं, त्यामुळे तर हमखास. लहान मुलं आयपीस मुठीत धरून स्वतःकडे ओढतात, की गेला चंद्र बाहेर. म्हणून त्यांना सांगायचं, 'हात मागे बांध, शाळेत उभा राहतोस तसा.' ही युक्ती शंभरातल्या नव्वदांवर चालते. स्टूल लागतंच. मोठी माणसं वेगळा त्रास देतात. त्यांना दिसत नाही, पण तसं म्हणायचा संकोच वाटतो. मागे रांग आहे, आपल्यामुळे खोळंबा नको, म्हणून 'हो हो, दिसलं, छान आहे' म्हणून बाजूला होतात. विशेषतः बायका. तेव्हा 'दिसलं का?' असं कधी विचारायचं नाही. 'काळी बाजू डावीकडे आहे की उजवीकडे?' असं विचारायचं. उत्तर आलं तर दिसलंय. उत्तराऐवजी हसू आलं तर दिसलेलं नाही, मग त्यांना थांबवून, फोकस फिरवून, पुन्हा डोळा लावायला लावायचं. चष्मा असला तर आधी काढून फोकस करून बघायचा, नाहीच जमलं तर चष्म्यासकट. मोतीबिंदू काढलेल्या आज्यांना कधीकधी आपल्यापेक्षा लख्ख दिसतं, हेही लक्षात ठेव.

आणखी एक. आकाश थांबत नाही. पृथ्वी फिरते म्हणून माझ्या डॉबमध्ये १२० पटीला शनी साधारण पावणेदोन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो. म्हणजे दर दोन-तीन माणसांमागे तुला डोळा लावून तो पुन्हा मध्ये आणावा लागणार. याचा कंटाळा करू नकोस, उलट दाखवून दे. एखाद्या चुणचुणीत पोराला म्हणावं, तू हात लावू नको, नुसतं बघत राहा. ग्रह आपोआप सरकून पसार झालेला बघितला की 'पृथ्वी स्वतःभोवती फिरते' हे शाळेतलं वाक्य त्याला डोळ्यानं दिसतं.

वॉचमनचा किस्सा तुला सांगितलाय का? मुलुंडच्या एका सोसायटीत आम्ही चंद्र दाखवत होतो. सगळं आवरताना गेटवरचा वॉचमन आला. सगळे गेल्याशिवाय तो आला नाही, हे मला अजून खुपतं. त्यानं बराच वेळ बघितलं. मग गावी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल आयपीसला टेकवायला लागला. तिकडे पोरगी 'पापा, काळं दिसतंय' म्हणत होती. मी त्याचा हात धरला, मोबाइल हळूहळू सरकवला, आणि एकदाचा चंद्र पडद्यावर आला. तिकडून किंकाळी ऐकू आली. तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे की रांग सुरू करताना पहिलं आमंत्रण गेटवर जायचं.

शनीबद्दल मात्र लोकांना आधी सावध कर. पाठ्यपुस्तकातलं कड्याचं चित्र डोक्यात घेऊन येतात आणि हल्ली निराश होतात. कडी गेली नाहीत, फक्त आपण त्यांना जवळजवळ कडेनं बघतोय. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्या कड्यांच्या पातळीतून आरपार गेली, आणि आता ती हळूहळू उघडतायत. तोवर शनी मण्यात सुई खुपसल्यासारखा दिसतो. २०३२ च्या सुमारास पूर्ण उघडतील, तेव्हा पिंटू कॉलेजात असेल. १६१० मध्ये गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं दिसलं, आणि १६१२ मध्ये ते गायबच झालं. तो चक्रावून गेला. ती कडी आहेत आणि कडेनं बघितली की दिसेनाशी होतात, हा उलगडा व्हायला हॉयगेन्सपर्यंत, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं वाट बघावी लागली. तेव्हा कुणी 'कडं कुठंय?' म्हणून तक्रार केली तर त्याला सांग की गॅलिलिओचीही हीच तक्रार होती.

आणि साडेसाती येणारच. 'शनीकडे बघितलं तर चालतं का हो?' असं हळू आवाजात विचारणाऱ्या काकू प्रत्येक रांगेत असतात. काहीजणी चपला काढून ठेवतात, नमस्कार करून मग डोळा लावतात. तुझ्या यादीत 'अंधश्रद्धा निर्मूलनपर दोन शब्द' असं एक कलम आहे. रांगेत ते नको. चपला काढणाऱ्या बाईला चारचौघांत भाषण दिलंस तर ती पुढच्या वेळी येणार नाही. आणि तिला दाखवण्यासारखं एक गणित आहे. साडेसाती साडेसात वर्षांचीच का? शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षं. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची, तीन राशी मिळून साडेसात. कुणीतरी फार पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या शनी कुठल्या ताऱ्यांमध्ये आहे हे नुसत्या डोळ्यांनी टिपून ठेवलं, त्याशिवाय हा आकडा आला नसता. भीतीचा भाग नंतर चिकटला. मी एवढंच सांगते आणि डोळा लावायला देते. घाटकोपरच्या एका काकूंनी बघून झाल्यावर म्हटलं, 'एवढासा आहे की हो!' त्यानंतर त्यांची भीती गेली का राहिली, मला ठाऊक नाही. विचारायला मी गेले नाही.

भीती काय असते ते मी लहानपणी बघितलंय. १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. कारवार-हुबळीकडे खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. भर दुपारी रस्ते ओस पडलेले. आमच्या चाळीतल्या खिडक्यांना चादरी लावल्या होत्या. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नका, हे बरोबरच होतं. पण घरात बसलं तरी काहीतरी बाधेल ही भीती कुठून आली? त्या मानानं आता कितीतरी बदललंय. २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळी मुंबईतून पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळ्यात ढगांचा भरवसा नाही, तरी तेव्हा तुझ्या मैदानात ग्रहणाच्या चष्म्यांची रांग लागलेली बघायला मला आवडेल.

लोक ध्रुव दाखवा म्हणतील. सगळ्यांना वाटतं तो आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. तो तसा नाही, आणि मुंबईतून तर तो क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, कारण आपला अक्षांश तेवढाच. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. तेव्हा उत्तरेला, मुलुंड-ठाण्याच्या उजेडाच्या जरा वर, दोन मुठींच्या अंतरावर शोधायचा. दिसला तर दिसला. दुसरं म्हणजे विमानं. घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानांचे पुढचे दिवे लांबून स्थिर आणि लख्ख दिसतात, अर्धी रांग त्यांनाच गुरू समजते. हिरवा लेझर मात्र तू आणू नकोस. विमानांच्या वाटेखाली राहणाऱ्यांनी ते खेळणं आकाशात फिरवू नये, वैमानिकाचे डोळे दिपतात.

बाकी फ्लेक्स नको. त्याच्यासाठी हॅलोजन लावावा लागेल आणि मग तो दिवसभर तिथंच लोंबेल. उद्घाटन नको, कारण पाहुणे येईपर्यंत चंद्र इमारतीआड जातो. प्रेझेंटेशनही नको, गच्चीवर दुधाच्या वासात कुणी ऐकत नाही. प्रमाणपत्रांऐवजी एक गोष्ट कर. जयंत नारळीकर मुलांना नुसती स्वाक्षरी द्यायचे नाहीत, म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. आणि यायचं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा कितीतरी घरांत ती कार्डं पुन्हा बाहेर निघाली. आपण काही नारळीकर नाही, पण एक वही आणि पेन्सिल ठेवायला काय जातं? ज्याला प्रश्न पडेल त्यानं लिहायचा, खाली फ्लॅट नंबर किंवा चाळीचं नाव. उत्तरं तू आणि मी मिळून लिहू, आठवड्याभरात, हातानं. येत नसेल तर शोधू.

कोजागिरीला काय दाखवायचं, तेही ठरवून टाकू. चंद्र सगळ्यात शेवटी. आधी पूर्वेकडे शनी. चंद्राची पाळी आली की माझ्या डॉबच्या झाकणाला जे छोटं गोल बूच असतं तेवढंच काढायचं, म्हणजे उजेड कमी होतो. आणि त्या रात्री सावल्या नसल्या तरी एक गोष्ट पौर्णिमेलाच नीट दिसते. दक्षिणेकडच्या टायको विवरापासून चहूबाजूंना फाकलेले पांढरे पट्टे. दगड आदळला तेव्हा उडालेली माती ती, शेकडो किलोमीटर पसरलेली. म्हणजे दुधाच्या रात्रीलाही अगदी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही मी कुणाला.

ढग आले तर? आश्विनात परतीचा पाऊस संध्याकाळीच गाठतो. आले तर दूध प्यायचं. दुर्बीण भिजू द्यायची नाही, आणि घरी आणल्यावर लगेच पेटीत बंद करायची नाही. आधी पंख्याखाली कोरडी होऊ दे, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. मुंबईच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागते आणि ती पुसून जात नाही.

आमच्या गटातला एक मुलगा गाडी काढणार आहे, त्यामुळे डॉब आणि स्टूल दोन्ही माझ्याकडून येतील. तू गरब्याच्या मंडळाशी बोल, मैदानाच्या दक्षिणेकडचा कोपरा माग, आणि तिथला एकच दिवा रात्री आठ ते दहा बंद ठेवतील का ते विचार. सगळे नकोत, एकच. तुझ्या बापाला म्हणावं, मृगाबद्दल फुशारक्या मारायच्यात तर यंदा रांग सांभाळायला ये. मृग रात्री दहाच्या सुमारास उगवतो, तोवर मुलांना हात मागे बांधायला सांगायचं काम त्याचं.

पोळ्यावाल्या ताईंना वेळ विचारून ठेव, त्यांच्या सोयीनं सुरू करू.

तुझी,
आत्या